आप्पांची गाडी आणि मूठभर पाला

आप्पा माणूस भेटला की आधी श्वास घेत आणि मग नमस्कार करीत. त्यात अपमान नसे. समोरचा कुठून आला, काय जेवून आला आणि खरं बोलणार की नाही, हे आपल्याला नाकानं कळतं अशी त्यांची समजूत होती, आणि बऱ्याचदा ती खरीही निघे. घरात शिरताना चपला काढता काढताच ते आमटीत हिंग जास्त झाल्याचं जाहीर करत. आतून त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळी गल्ली आक्का म्हणे, शांतपणे सांगत, "नाक भाईर ठिवा आन् मग जेवाय बसा."

पण आप्पांचं पोटच नाकावर होतं. निपाणीतल्या एका व्यापाऱ्यासाठी ते गावोगाव फिरून तंबाखू पारखायचे. शेतकरी माल पुढं करायचा, आप्पा चिमूटभर पाला चुरगळून हुंगायचे आणि बरंवाईट काहीच न बोलता मूठभर पाला रुमालात बांधून निघायचे. तो रुमाल ते उशाशी घेऊन झोपायचे. "सांजच्याला समदा माल ग्वाड लागतोय," ते म्हणायचे, "सकाळी उठून जो वास ऱ्हाईल त्यो खरा." दुसऱ्या दिवशी परत त्या गावी जाऊन ते "आयतु" म्हणाले, की सौदा पक्का. आयतु म्हणजे कानडीत झालं, ठरलं. आप्पा बोलायचे मराठीत, आकडेमोड करायचे कानडीत आणि शिव्या दोन्ही भाषांत सारख्याच मायेनं द्यायचे.

एका हाताच्या मालाला मात्र ते नाक लावत नसत. माझी आई, हौसाबाई, त्याच व्यापाऱ्याच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची. बसल्या जागी पाल्यातली काडी, शीर, खडा बाजूला करायचा, दिवसभर. आप्पा रांगेतून तपासत यायचे, आईच्या ढिगाशी आले की म्हणायचे, "ह्यो हौसाबाईचा हाय न्हवं? ऱ्हाऊ द्या." एवढं बोलून ते पुढं जायचे. आई हे घरी येऊन सांगायची आणि त्या दिवशी भाकरी जरा जास्त मन लावून थापायची.

फिरतीसाठी आप्पांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मोटरसायकल घेतली होती. दोन सायलेन्सरांची, पुढं वारा अडवायला काच, मागं दोन्ही अंगांना चामड्याच्या पिशव्या. निपाणीत फटफट्या आणखीही होत्या, पण त्या बाजारातून घरी जायच्या. आप्पांची गाडी गोव्याला जायची, हंपीला जायची, आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला जायची. मोसम संपला की आप्पा पिशव्या भरत आणि आक्का मागं बसत. मागच्या सीटवर त्यांनी स्वतः शिवलेली एक गोधडीची गादी बांधलेली असे. त्या एका अंगाला बसत, पदर कमरेला खोचत आणि आप्पांच्या खांद्यावर दोन थापा मारत. दोन थापा म्हणजे चला. एक थाप म्हणजे हळू. साऱ्या रस्त्यात बोलणं एवढंच. आक्का म्हणायच्या, "घरात लई बोलतात, म्हणून तर मी गाडीवर बसती."

गाडीला त्यांनी जसं ठेवलं तसं कुणी माणसाला ठेवत नाही. पाण्याची बादली तिच्यावर कधी पडली नाही, रविवारी जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं तिची एकेक तार पुसली जाई. सीटखाली तंबाखूच्या पाल्याची एक छोटी थैली असे. उंदीर आणि झुरळं त्या वासाला फिरकत नाहीत, त्यामुळं वायरी शाबूत राहतात, हा आप्पांचा शोध. दहा-बारा वर्षं वापरल्यावरसुद्धा परगावचा माणूस विचारायचा, "नवीन घेतली का?" आप्पा त्याला होय म्हणायचे.

मग एकदा संकेश्वरहून येताना आप्पांनी चालत्या गाडीवरून कुणालातरी हात केला. आक्कांनी वळून बघितलं. मैलाचा दगड होता. बेळगावच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला; आहे ती नजर टिकवू, गेलेली परत येणार नाही, म्हणाले. आप्पा घरी आले, गाडी पुसून सोप्यात लावली आणि किल्ली आक्कांच्या हातात दिली. दोन दिवस त्यांनी आमटीला नावंसुद्धा ठेवली नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हुबी ऱ्हायली तर गंजून मरंल ती. फिरवणारा बघाय पायजे."

गाडी विकायची म्हटल्यावर गिऱ्हाइकांची रीघ लागली. किंमत आप्पांनी एकदा सांगितली आणि तो विषय संपवला. पण अट ऐकून लोक चक्रावले. गाडी एक रात्र घरी न्यायची, दुसऱ्या दिवशी आणून लावायची, मग आप्पा काय ते सांगणार. "तुमी गाडी बघाय आलाय न्हवं? मलाबी तुमास्नी बघायचंय," ते म्हणायचे. तंबाखूचा कायदा त्यांनी माणसांना लावला होता.

काकतीकडचा एक बागायतदार तरुण गाडी घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून, हळदकुंकू लावून घेऊन आला. हळद काचेवर, कुंकू हेडलाइटवर. किती लांब नेली, असं आप्पांनी विचारलं. नेली नाही, पूजा करून ठेवली, तो म्हणाला. आप्पांनी त्याला चहा पाजला आणि हात जोडले. "ही देव्हाऱ्यात बसायची न्हाय बाबा." त्यानंतर बेळगावचे एक कंत्राटदार आले. त्यांनी गाडी आरशासारखी चकाकवून आणली. सीट उघडून आप्पांनी हात घातला, तर थैली नाही. "घाण होती आत, काढून टाकली," कंत्राटदार खुशीत म्हणाले. ते गेल्यावर आप्पा आक्कांना म्हणाले, "इचारलंबी न्हाय गं, का ठिवलीया म्हणून." आणि नवी थैली शिवायला सांगितली. पण निवडलेला पाला घरात नव्हता. वखारीच्या झाडलोटीतला हाती लागला तो भरला आणि पुन्हा गिऱ्हाइकांची वाट बघत बसले.

त्या वर्षी मला नोकरी लागली होती. खानापुराच्या आत, जंगलाच्या कडेला एक हायस्कूल होतं. दिवसातून एकच बस, तीही मनात आलं तर. आमच्या घरातला पगारावर जाणारा मी पहिलाच. पण आईला दम्यानं धरलं होतं आणि निपाणी सोडायला ती तयार नव्हती. "खानापुरात येऊन काय झाडं मोजत बसू?" ती म्हणायची. निरोप आला की त्या क्षणी निघता आलं, दर शनिवारी घरी येता आलं, तरच मला ती नोकरी घेता येणार होती. नाहीतर नाही म्हणून कळवायचं होतं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. पतपेढीनं पैसे द्यायचं कबूल केलं होतं. राहता राहिले आप्पा.

मी अंगणात उभा राहिलो तेव्हा आप्पांनी नेहमीप्रमाणे आधी श्वास घेतला. "कोण, हौसाबाईचा सुदाम न्हवं? व्हय रं, तुला गाडी येतीया का?"

"येतीया आप्पा. कॉलेजात दोस्ताची चालवतोय."

"दोस्ताची समद्यास्नीच येतीया," म्हणत त्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली.

मी घरी गेलोच नाही. सरळ बेळगाव आणि तिथून खानापूर. तो रस्ता आपल्याला झेपतो का हेच मला बघायचं होतं. आदल्या दिवशी वळीव होऊन गेला होता. शाळेपर्यंतच्या वाटेवर तांबडा चिखल होता, आणि तो सगळाच्या सगळा मी आप्पांच्या गाडीला लावून घेतला. मुख्याध्यापकांना भेटलो, वर्ग बघितले. खिडकीबाहेर साग होते. इथं शिकवायला मिळालं तर आयुष्यात आणखी काही मागणार नाही, असं मला खरोखर वाटलं. परतताना कुठंतरी पाय ठेवायच्या दांडीचं रबर पडलं. मागं फिरून शोधलं, सापडलं नाही.

सांज कलताना घरी आलो. आमची खोली एकच. गाडी गल्लीत ठेवायचा मला धीर होईना. आईनं एकदा गाडीकडं, एकदा माझ्याकडं बघितलं, मग आपली बाज उचलून बाहेर टाकली. गाडी घरात गेली. "परक्याची हाय. तिला भाईर ठिवू नगंस," ती म्हणाली. मी फडकं घेऊन बसलो, पण तांबडी माती फडक्यानं जाते थोडीच. धुवावी तर आप्पांना बादली चालत नाही हे सगळ्या निपाणीला ठाऊक. आई मागं उभी राहून नाक मुरडत होती. "ह्या गाडीला कसला वास येतोय रं?" तिनं विचारलं. पेट्रोलचा असेल, मी म्हटलं. तिनं पुन्हा एकदा हुंगलं. मी दमलो होतो, तसाच झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखलानं भरलेली, एक रबर कमी असलेली गाडी मी आप्पांच्या दारात उभी केली. खानापूर मनातून पुसून टाकायला मी वाटेतच सुरुवात केली होती.

आप्पा गाडीभोवती हात फिरवत फिरले. बोटांना लागलेली माती त्यांनी नाकाशी नेली. "ही आपल्याकडली न्हाय. कुठं गेलतास?"

"खानापूरच्या आत. शाळा हाय तिथं." मग मी नोकरीचं, आईचं, रबराचं, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"रात्री कुठं हुती गाडी?"

"घरात. आई भाईर झोपलीती."

आप्पांनी सीट वर केली आणि थैली काढली. नाकाशी नेली आणि तिथंच थांबले. थैलीचं तोंड सोडून त्यांनी पाला तळहातावर ओतला. अंगठ्यानं चाचपला. त्यात काडी नव्हती, शीर नव्हती, धूळ नव्हती. स्वच्छ, कोरडा, तांबूस पाला होता. मीही बघतच राहिलो, कारण मी त्या थैलीला हातसुद्धा लावला नव्हता.

"अगं, हिकडं ये," त्यांनी आक्कांना हाक मारली. "हौसाबाईनं पाला बदललाय."

आई दातांना लावायच्या मिश्रीसाठी म्हणून एका डब्यात निवडक पाला ठेवायची. त्यातला ती सख्ख्या बहिणीलाही द्यायची नाही. मी झोपलो तेव्हा सीटखालचा दमट, काड्यांचा पाला तिनं ओतून टाकला होता आणि आपल्या डब्यातला भरला होता. नंतर मी विचारलं तर उलट माझ्यावरच डाफरली. "असला पाला कुणी ठिवतंय व्हय? त्यो माणूस एवढा पारखी, आन् सीटखाली झाडलोट."

आप्पांनी पाला एक कणही न सांडता थैलीत परत भरला. त्यांचे डोळे भरले होते, आणि हे काचबिंदूमुळं नव्हतं हे मला कळत होतं. "सकाळीबी त्योच वास हाय," ते म्हणाले, आणि मग, "आयतु."

तेवढ्यात आक्का पुढं आल्या आणि मागच्या सीटवरची गादी सोडू लागल्या. "ऱ्हाऊ दे की ती," आप्पा म्हणाले. "मला पाटाला हुईल," म्हणून त्या गादी घेऊन आत गेल्या. आप्पांनी माझा दंड धरला. "शनवारी येशील न्हवं? मग ऐतवारी मला एक फेरी मारून आणायची. एवढं कबूल कर, मास्तर." मास्तर म्हणून मला हाक मारणारं ते पहिलं माणूस.

मी नोकरी धरली. आई शनिवारी गाडीचा आवाज ओळखू लागली, तिची औषधं बेळगावातून वेळेवर येऊ लागली, आणि पुढं तिनं वखारही सोडली. रविवारी सकाळी आप्पा तयार होऊन उंबऱ्यात बसलेले असत. तवंदीचा घाट चढायचा, वर चहा घ्यायचा आणि परत यायचं. मागं बसणारा इतका त्रासदायक माणूस मी दुसरा पाहिला नाही. गिअर उशिरा टाकला, आवाज ऐकू येत नाही का, ब्रेक म्हणजे काय बैलाचा कासरा आहे का. कडक सीटबद्दल तर दर रविवारी तक्रार; पण आक्कांनी गादी काही दिली नाही. हळूहळू नजर पार गेली, तसे ते रस्ता नाकानं बघू लागले. "गुऱ्हाळ पेटलंय. आता वळण." वळण हमखास तिथंच असे. घाटमाथ्यावर वाऱ्याकडं तोंड करून ते उभे राहत, तेव्हा त्यांच्याइतका सुखी माणूस सबंध निपाणीत नसे.

एका श्रावणात आप्पा झोपेतच गेले. उशाशी रुमाल होता, आक्कांनी सांगितलं. दिवसकार्य उरकलं. त्यानंतरच्या रविवारी मी सवयीनं गाडी काढली आणि त्यांच्या दारासमोर येऊन थांबल्यावर माझ्या लक्षात आलं की आता इथं कुणाची वाट बघायची नाही. उंबरा रिकामा होता. मला रडू आलं. गाडी वळवावी म्हणून पाय टेकला, तेवढ्यात दार उघडलं.

आक्का बाहेर आल्या. बगलेत ती गादी होती. त्यांनी आधी सीट वर करून थैली हुंगली, मान हलवली, मग गादी मागं घट्ट बांधली आणि पदर कमरेला खोचला. मी बघतच राहिलो.

"असा काय बघतोस? आधी माझीच जागा हुती ती," त्या म्हणाल्या. "त्यास्नी दिलती, बसाय."

माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या, आणि मी गाडी तवंदीच्या रस्त्याला घातली.