उसनी

उसनी इंगोलेच्या आधी तिच्या आईला तीन मुलं झाली होती. तिन्ही महिन्याच्या आत गेली. आईवडील, इंदुबाई आणि बापूराव, वाशीमकडून हडपसरला आलेले. बापूराव कारखान्यात कामाला, राहायला पत्र्याची खोली. चौथ्या खेपेला मुलगी झाली तेव्हा इंदुबाईंनी तिला पाजायच्या आधी उचललं आणि शेजारच्या तुळजाबाईंच्या ओटीत टाकलं. तुळजाबाईंना चार मुलगे, चारही धडधाकट.

"ही तुमची," इंदुबाई म्हणाल्या. "मले उसनी द्या."

तुळजाबाईंनी बाळाचं कपाळ हुंगलं आणि जरा वेळ धरून ठेवलं. मग म्हणाल्या, "ने. पर माजी हाय, ध्यानात ठेव."

जे मूल आपलं नाहीच ते आपल्याकडून कोण नेणार, असा त्यातला भाव. चाल जुनी आहे, आणि मुलाचं नावही त्यावरूनच पडतं. बहुतेक लोक पुढे शाळेत घालताना मुलाला चांगलं नाव ठेवतात. इंदुबाईंनी ठेवलं नाही. नेणारा कोण, त्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. नुसतं "तो" म्हणायच्या, तेही दाराकडे बघून. मुलीला त्यांनी कधी "माझी" म्हटलं नाही. कोणी कौतुकाने विचारलं, "तुमची का हो?" तर म्हणायच्या, "नाही. तुळजाबाईची हाय. आमच्याकडे असते."

शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी नाव विचारलं. उसनीने सांगितलं. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अस्सं. मग वेळेत परत करायला सांगा." वर्ग हसला. उसनी हसली नाही, कारण तिला ते खरंच वाटलं. त्यानंतर दारात कोणी अनोळखी बाई उभी राहिली की ती मोरीत जाऊन लपायची. तुळजाबाई शेजारी होत्या तोवर बरं होतं. त्या तिला मांडीवर घ्यायच्या, वेणी घालायच्या, आणि संध्याकाळी इंदुबाई हाक मारायच्या तेव्हा गमतीने म्हणायच्या, "आज न्हाय देत जा." ती गंमत आहे हे उसनीला कळायचं. पण आईचा चेहरा बघून ते कळेनासं व्हायचं.

ती आठ वर्षांची असताना तुळजाबाई थोरल्या मुलाबरोबर विश्रांतवाडीला राहायला गेल्या. येणंजाणं कमी होत होत थांबलं. कॉलेजात असताना उसनीने नाव बदलायचं काढलं, तर इंदुबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. "नाव बदललं तं त्याले वाटंल, पोरगी आता यांचीच झाली," एवढंच म्हणाल्या. उसनीने विषय सोडला. पुढे ती पीएमपीत कंडक्टर झाली. "सुट्टे नाहीत? मग उसने द्या की," असं म्हणणारा एखादा प्रवासी रोज भेटतो. ती तिकीट फाडते आणि पुढे सरकते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी दारात रिक्षा थांबली. उसनी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. बाहेरून आवाज आला आणि तिने तो लगेच ओळखला.

"इंदे, पोरगी दे आता. लई वर्सं ठिवलीस."

तुळजाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. हातात नवं झबलं, तान्ह्या बाळाच्या मापाचं. घरी कोणाला न सांगता त्या एकट्याच आल्या होत्या. वय झालेलं, आणि आठवणींची सगळी घडी विस्कटलेली.

इंदुबाईंनी आधी पाणी दिलं. समजूत घातली. मग तुळजाबाई आत यायला उठल्या तशा त्या दारात आडव्या झाल्या आणि म्हणाल्या, "नाही ती. मेली."

उसनीच्या हातात ओढणी तशीच राहिली. बाहेर तुळजाबाई मोठ्याने रडायला लागल्या, घरचं माणूस गेल्यावर रडतात तशा. रिक्षावाल्यानेच त्यांच्या पिशवीतल्या नंबरवर त्यांच्या नातसुनेला, निकिताला, फोन लावला आणि त्यांना परत नेलं.

ते गेल्यावर इंदुबाई आत आल्या. "माह्या तोंडातून निघालं," त्या म्हणाल्या. "कोणं ऐकलं तं नसंल?"

त्या दिवसापासून त्या उसनीला ड्युटीवर फोन करू लागल्या.

"बोल."

"काय बोलू आई? बस भरलीये."

"काही बी बोल."

आवाज ऐकला की ठेवायच्या. तासाभराने पुन्हा.

भाद्रपदात सर्वपित्रीच्या दिवशी निकिताचा फोन आला. "ताई, तुम्ही येऊ शकाल का? आजींनी तुमच्या नावाने पान ठेवलंय. सकाळपासून गच्चीत उभ्या आहेत. कावळा शिवत नाहीये, आणि तो शिवल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. आमचं कोणाचं ऐकतच नाहीत."

उसनी आईला न सांगता गेली.

गच्चीच्या कठड्यावर केळीचं पान होतं. भात, खीर, भोपळ्याची भाजी, वडे, आमसुलाची चटणी. खीर वाळून पिवळी पडली होती. तुळजाबाई भर उन्हात कठड्याला धरून उभ्या होत्या आणि हळू आवाजात पानाशी बोलत होत्या. "ये गं. रागावलीस व्हय? मी न्यायला आलते, पर उशीर झाला."

"आजी, मी आलेय," उसनी म्हणाली. "मीच उसनी."

तुळजाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न्हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "ती बारकी हाय. एवढीशी." आणि हाताने माप दाखवलं.

उसनीने पुन्हा सांगून पाहिलं. आईचं नाव घेतलं, हडपसरचं घर सांगितलं. तुळजाबाई मान हलवत राहिल्या. त्यांचे पाय थरथरत होते. पाण्याच्या टाकीवर कावळा होता. तो पानाकडे बघत होता, खाली येत नव्हता.

मग उसनीने कठड्यावरचं पान उचललं, खाली मांडी घालून बसली आणि जेवायला लागली. निकिताने "अहो ताई!" म्हणत तोंडावर हात ठेवला. भात थंडगार होता. आपण हे कोणाच्या वाटचं खातोय, आणि आता आपण नेमके कुठे आहोत, असं तिला वाटत राहिलं. तरी तिने पान पुसून खाल्लं.

तुळजाबाई शेवटपर्यंत बघत होत्या. "शिवलं," त्या म्हणाल्या. मग खाली जाऊन पोटभर जेवल्या. त्यानंतर त्यांनी मुलीचं नाव काढलं नाही.

पौषात त्या गेल्या. या वेळी उसनीने आईला सांगितलं, आणि इंदुबाई चपला घालून तिच्याआधी दारात उभ्या राहिल्या. विश्रांतवाडीच्या घरात बायका जमल्या होत्या. शेवटची आंघोळ घालताना एकीने विचारलं, "मुलगी नाही का यांना?" निकिताने तांब्या उसनीच्या हातात दिला.

पाणी घालून झालं. इंदुबाई पुढे झाल्या, खाली बसल्या आणि तुळजाबाईंच्या पायांवर हात ठेवून म्हणाल्या, "तुळजाबाई, आता ठेवू का इले मी?"

बायका थांबल्या. सगळ्याच जणी जणू उत्तराची वाट बघत होत्या. नंतर बाहेरून कोणीतरी चला, उशीर होतोय म्हणालं.

घरी आल्यावर दोघींनी आंघोळी केल्या. इंदुबाईंनी चहा टाकला, आणि पातेल्यावरची नजर न काढता विचारलं, "तुले भेव वाटते का?"

"कशाचं?"

चहा उकळला तसा इंदुबाईंनी गॅस बारीक केला, आणि दार लावून ये म्हणाल्या.