डोमाजींची चुकलेली चोळी

डोमाजी शिंपी माणसाच्या तोंडाकडे आधी कधी पाहत नसत. त्यांची नजर पहिल्यांदा खांद्यावर पडायची, तिथून बगलेत, बगलेतून कमरेवर, आणि तिथं सगळं ठीकठाक असलं तरच चेहऱ्याची पाळी यायची. एकदा शाळा तपासायला आलेले इन्स्पेक्टर साहेब त्यांच्या सपरीवरून, म्हणजे ते शिवत बसत त्या पडवीसमोरून, चालले होते. गाव वाकून रामराम करत होतं. डोमाजी मशीनवरून उठले, डोळे बारीक करून साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाले, "सायेब, उजवा खांदा अर्ध बोट खाली आला तुमचा. कोटाचा दोष नाई, खांद्याचाच हाय. बॅग डाव्या हातात धरत जा." साहेबांनी बॅग डाव्या हातात घेतली. त्या दिवशी शाळेला शेरा चांगला मिळाला. त्याचं श्रेय हेडमास्तरांनी पाढ्यांना दिलं आणि डोमाजींनी स्वतःला.

आमचं गाव चांदा जिल्ह्यातल्या मूल या गावापासून चार कोसांवर, धानाच्या म्हणजे भाताच्या बांध्या संपून झाडी सुरू होते तिथलं. पन्नास सालानंतर गावात सातवीपर्यंत शाळा झाली आणि शाळेबरोबर शाळेचे कपडे आले. त्याआधी पोरं अंगावर असेल ते घेऊन जायची, आणि नसेल तर तसंच. कुणी काय घालायचं याचा काही नियम कुणी लिहून पाठवला नव्हता. ते ठरवायचं काम डोमाजींनी आपल्याच अंगावर घेतलं होतं. गळ्यात फुलांच्या हारासारखी टेप असायची, पण ती शोभेची; त्यांना आकडे वाचता येत नव्हते. मोजमाप सगळं दोऱ्यानं. प्रत्येक पोराचा एक दोरा, छातीला एक गाठ, कमरेला दोन, बाहीला तीन. असे शंभरेक दोरे सपरीतल्या बांबूला लोंबत असत आणि कुणाचा कोणता हे डोमाजींना अंधारातही कळे, असं ते स्वतः सांगत.

मृग लागला की लग्नाचं शिवणकाम बंद. नवरदेवाचा बाप दारात येऊन बसला तरी डोमाजी हलत नसत. "लग्नाचा कपडा एका दिवसाचा, शाळेचा वर्साचा," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. शाळा उघडायच्या आदल्या सांजेपर्यंत गावातल्या प्रत्येक पोराचा कपडा घडी घालून तयार असायचा. शिंपी आणि वेळेवर, हे दोन शब्द एका वाक्यात बसवणारा तो आमच्या मुलखातला एकटाच माणूस असेल. या गोष्टीचा त्यांना इतका गर्व होता की आषाढात ते उगीचच शाळेसमोरून दोन-दोन चकरा मारत आणि खिडकीतून आपले सदरे मोजत.

आता ते सदरे कसे असत, हेही सांगायला हवं. डोमाजी सगळं वाढत्या अंगाचं शिवत. बाह्या बोटांच्या पुढे, चड्डी गुडघ्याच्या खाली, आणि आत एवढ्या दुमडी की बसलं की टोचायच्या. कुणाच्या आईनं तक्रार केली की ते समजावत, "पाह्य वो माय, पयल्या वर्सी पोरगं कपड्यात राह्यते, दुसऱ्या वर्सी कपडा पोरावर राह्यते, अन तिसऱ्या वर्सी दोघंही शाळेत राह्यते." पहिल्या दिवशी आमचा वर्ग म्हणजे वाळत घातलेल्या कपड्यांना मुंडकी फुटल्यासारखा दिसायचा.

मास्तरांनाही सूट नव्हती. एका वर्षी नागपूरहून नवीन मास्तर आले. तरुण होते, केसांना तेल, अंगात बुशकोट आणि खाली कडक इस्त्रीची पँट. गाव बघायला जमलं. डोमाजींनी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली.

"गुरुजी, बुशकोट झकास हाय. पण ही पँट इथी चालाची नाई."

"का हो? जुन्या पद्धतीची आहे का?"

"पद्धत नवीच हाय. पण आमची पोरं भुईवर बसते. त्याईले हात धरून लिहा शिकवाचं त तुमाले खाली बसा लागन. बसान कसे?"

मास्तर हसले. तिसऱ्या दिवशी ते पहिलीतल्या मुलाचा हात धरून 'ग' गिरवायला खाली बसले आणि पँटीनं सगळ्या शाळेला ऐकू जाईल असा निरोप घेतला. मास्तर भिंतीला पाठ लावून सुट्टी होईपर्यंत उभे राहिले. संध्याकाळी डोमाजी स्वतः त्यांच्या खोलीवर गेले, पँट घेऊन आले, शिवून परत दिली आणि याबद्दल एक अक्षर कुणाजवळ काढलं नाही. काढायची गरजही नव्हती, सातवीपर्यंतच्या सगळ्या वर्गांनी ते काम केलं होतं. पुढे मास्तर वर बुशकोट आणि खाली धोतर घालू लागले. "वरून नागपूर, खालून आपलं गाव," डोमाजी समाधानानं म्हणत. दोन वर्षांत आमच्या भागातले चार मास्तर तसे दिसू लागले.

डोमाजी कधी हरायचेही. जंगलातल्या टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, मडावीची बाई आपल्या दोन पोरांना घेऊन आली, तेव्हा डोमाजींनी पांढऱ्या सदऱ्याचा आग्रह धरला. ती मनापासून हसली. "डोमाभाऊ, तुमची पोरं रस्त्यानं येते, माही झाडीतून येते. वाटेत कोणतं झाड सोडते का ते? पांढरं दोन दिवस पांढरं राहीन, मंग तुमचंच नाव जाईन." डोमाजींनी पांढरं कापड गुंडाळून ठेवलं आणि खाकी काढलं. पुढे आठ दिवस ते ज्याला त्याला सांगत होते, "मडावीची बाई मले शिकवून गेली गा."

मी चौथी पास झाले त्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या घरात राज्य आत्याचं. वडील तिच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, त्यामुळे तिच्यासमोर त्यांना कंठ नव्हता. आई तर परक्या घरची. आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. घर चांगलं, धानाची जमीन, दारात दोन बैलजोड्या. सोयरीक आता, लग्न तुळशीच्या लग्नानंतर. शाळा सोमवारी उघडणार होती आणि पाहुणे रविवारी येणार होते.

आमच्याकडे तेव्हा एक गोष्ट न सांगता सगळ्यांना ठाऊक होती. मुलीनं परकर सोडून लुगडं नेसलं की ती मोठी झाली. एकदा लुगडं नेसून चारचौघांत आली की परत परकर नाही, आणि लुगड्यात शाळा नाही. माझ्या वर्गातल्या तीन मुली अशाच एकेका रविवारी मोठ्या झाल्या होत्या. मला पाचवीत जायचं होतं. पाचवीत नकाशे असतात असं ऐकलं होतं, आणि मला चांद्याच्या पलीकडे काय आहे ते पाहायचं होतं. पण हे विचारायला घरात कुणी आलं नाही.

आत्या हिरवं लहान लुगडं आणि चोळीचा खण घेऊन डोमाजींकडे गेली, माप द्यायला मला बरोबर घेऊन.

"बाई, मृग लागला. आता लग्नाचं शिवत नाई मी," डोमाजी म्हणाले.

"लग्नाचं कोण म्हणते? पाह्याले येऊन राह्यले पोरीले. शनिवारी चोळी पायजे."

आत्याशी वाद घालणं डोमाजींनाही जमत नसे. त्यांनी बांबूवरून माझा दोरा काढला. तेवढ्यात शेजारच्या घरातून कुणीतरी आत्याला हाक मारली आणि ती चार पावलं पलीकडे जाऊन स्थळाची थोरवी सांगू लागली. डोमाजी माझ्या खांद्यावर दोरा धरून हळूच म्हणाले, "काय शिवू वो पोरी?"

त्यांच्या तोंडून हा प्रश्न मी आधी कधी ऐकला नव्हता. ते विचारत नसत, सांगत असत. मी खाली पाहत म्हटलं, "मले पाचवीत जायचं हाय, डोमाबाबा."

 त्यांनी दोऱ्याला गाठ मारली आणि माझ्या पाठीवर थोपटून मला उभ्या जागेवरून बाजूला केलं.

शनिवारी चोळी आली नाही. आत्यानं दोनदा माणूस पाठवला. पहिल्यांदा उत्तर आलं, "सांजेले देतो." दुसऱ्यांदा आलं, "सकाळी." डोमाजींकडून असं उत्तर येऊ शकतं यावरच घरात कुणाचा विश्वास बसेना. रविवारी पाहुण्यांची रेंगी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, वेशीत शिरली, पाय धुवायला पाणी काढलं, आणि मग डोमाजी स्वतः धापा टाकत मागच्या दारानं आले आणि आत्याच्या हातात गाठोडं देऊन आल्या पावली गेले.

आत्यानं घडी उलगडली. त्या हिरव्या खणाचं पोलकं शिवलं होतं. चोळी नव्हे, शाळेचं पोलकं, आणि तेही डोमाजींच्या पद्धतीचं, दोन वर्षं पुढचं. खण पुरला नाही म्हणून बाह्यांना शाळेच्या सदऱ्यांचं पांढरं कापड जोडलेलं. गळ्याला कॉलर.

"मेल्यानं घात केला!" आत्या कपाळ धरून खाली बसली. तिच्या चोळीत माझ्यासारख्या दोघी मावल्या असत्या, आईची तीच गत. त्या घोळदार पोलक्यावर लुगडं नेसवून पाहिलं तर मी बुजगावण्यासारखी दिसू लागले. बाहेर वडिलांनी दोनदा खाकरून झालं होतं. शेवटी आईनं पेटीतून माझा परकर काढला. तिचा हात त्या परकरावर इतक्या लगेच कसा गेला, याचा मी आजही विचार करते.

मी सुपारीचं तबक घेऊन बाहेर गेले. अकरा वर्षांची होते, त्या पोलक्यात आठची दिसले असेन. बाह्या तबकात लोळत होत्या. मुलाच्या आईनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अवो, हे त बम लहान हाय. येत्या साली धानाच्या रोवण्यात उभी राहीन अशी पायजे आपल्याले." त्यांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, आमच्या आंब्याचं कौतुक केलं आणि ते निघून गेले.

आत्या तडक डोमाजींच्या सपरीत. अर्धं गाव गोळा झालं. ती जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. डोमाजी मान खाली घालून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "चुकलं बाई. महिनाभर शाळेचेच कपडे कापून राह्यलो, हात तसाच चालून गेला. अन उशीर बी झाला. दोन्ही चुकलं." ज्या माणसानं आयुष्यभर आपल्या वेळेचा तोरा मिरवला, त्याला चारचौघांत हे म्हणावं लागलं. पुढची दोन वर्षं गावातले लग्नाचे कपडे मूलला शिवायला जात होते. "डोमाभाऊ, नवरदेवाले कॉलर लावान बरं!" अशी टिंगल तर पोरंही करत. त्यावर उलटून बोललेले ते कुणाला आठवत नाहीत.

सोमवारी मी त्या हिरव्या-पांढऱ्या पोलक्यात पाचवीत जाऊन बसले. दुसरं स्थळ यायला वर्ष गेलं, आणि तोवर वडिलांना कंठ फुटला होता. मी सातवी केली, मग चांद्याला राहून पुढे शिकले आणि मास्तरीण झाले. नेमणुकीचा कागद आला तेव्हा गंमत झाली. आत्यानंच पांढरं कापड आणलं आणि मला घेऊन डोमाजींकडे गेली. "डोमाभाऊ, पोरगी शिकवाले जाऊन राह्यली. झंपर शिवा. अन या खेपेले काय चुकवाचं ते चुकवा, मी काई बोलत नाई."

डोमाजी तेव्हा बरेच थकले होते. तरी माझ्या खांद्यांकडे आधी पाहिलं, मग कमरेकडे. मला सूचना सुरू झाल्या. "बाई, पदर खोचून घेत जा, फळ्यावर लिवताना पडते. बांगड्या दोन-दोनच, खडू धरला का वाजते अन पोरं बांगड्याच ऐकते. रंग फिका घाल, पण पांढरीफटक जाऊ नको, लहान पोरं दवाखाना समजून रडते." ज्यांनी मला जन्मापासून पोरी म्हटलं ते आता बाई म्हणत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आत्या पुढे निघून गेल्यावर मी मागे राहिले आणि इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारून टाकलं. "डोमाबाबा, खरं सांगा. ती चोळी तुम्ही मुद्दाम चुकवली ना?"

त्यांनी सुईत दोरा ओवला. त्याला बराच वेळ लागला, नजर उरली नव्हती. मी ओवून देऊ का म्हटलं तर नको म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, आणि या खेपेला सरळ तोंडाकडे.

"बाई, तुही आत्या आज माह्या दारात आली. चूक माही होती म्हणून मान वर करून येऊ शकली. कबूल केलेली चूक पुन्हा उसवू नाई."

त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले. मी दूर सिरोंच्याकडे शिकवत होते, बातमी पंधरा दिवसांनी कळली. आत्या जगली तोवर मी तोंड उघडलं नाही. आता तीही गेली, म्हणून लिहिते आहे: डोमाजी शिंप्यांच्या हातून कधीच काही चुकलं नव्हतं.