कुंदाताईंची कुलुपं

कुंदाताईंच्या जेवणाच्या डब्याला कुलूप असायचं. खरंखुरं, पितळेचं, बोटभर. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत निदान सोनं तरी असावं. दुपारी त्यांनी गळ्यातल्या चेनला अडकवलेली किल्ली काढली, डबा उघडला, आणि सुक्या जवळ्याचा असा काही वास सुटला की पलीकडच्या विभागातले दोघं खुर्चीसकट सरकत आले. ताईंनी झाकण पुन्हा अर्धवट लावलं.

"बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "कुलूप मी उगाच नाय लावत. आधीच्या कंपनीत माझी कोलंबी चोरीला गेली. चोर गावला नाय. तवापासून मी सिक्युरिटीत हाय."

तुर्भ्याच्या एमआयडीसीत आमचं डेटा सेंटर, आणि तिथून रिक्षाने पाच-सात मिनिटांवर तुर्भे गावात ताईंचं घर. वडिलांची मासळी, आईचा बाजार, आणि घरातली ही पहिली इंजिनीअर. हे त्या दर नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. आमच्या सहा जणांच्या टीमच्या त्या प्रमुख होत्या आणि विनय नावाची गोष्ट त्यांच्या वाटेला फारशी आली नव्हती. "मना काम येतं ते येतं. लाजायचं कशाला?" असं त्या वरिष्ठांच्या मीटिंगमध्येही म्हणत आणि वरिष्ठ आपले मान डोलावत.

आमचं काम सांगते. मोठ्या कपाटात खणांसारखे एकावर एक बसवलेले संगणक म्हणजे रॅकमधले सर्व्हर. नवा सर्व्हर आला की त्याच्या पोटातलं मूळ सेटिंग आधी लावावं लागतं. जाग आल्याबरोबर ते यंत्र पहिल्यांदा वाचतं ते हेच. आत कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, वीज किती खायची, आणि वीज जाऊन परत आली तर काय करायचं, हे सगळं तिथे ठरतं. आम्ही बाकीचे हे काम कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे करायचो. ताई घरच्यासारखं करायच्या.

वीज परत आली की सगळे सर्व्हर एकदम उठले तर एवढा विजेचा झटका बसतो की मेन स्विच पुन्हा पडतो. म्हणून प्रत्येकाला थोडं थोडं मागेपुढे उठायला सांगावं लागतं. हे मला पुस्तकातून दोनदा वाचूनही समजलं नव्हतं. ताईंनी एका वाक्यात समजावलं. "आमचे घरी मानसं नऊ आनि मोरी एक. सगली एकदम उठली की भांडन. आये एकेकाला उठवायची. तू यांची आये हाय असं समज." तेव्हापासून आमच्या टीममध्ये त्या सेटिंगला मोरीचं सेटिंग म्हणतात. एकदा एका साहेबांनी अहवालातही तसंच लिहिलं.

पण वीज हे ताईंचं कर्तव्य होतं. प्रेम होतं ते कुलुपांवर. यूएसबीची भोकं बंद, अनोळखी सॉफ्टवेअर सुरूच होणार नाही अशी तजवीज, सर्व्हरचं झाकण कोणी उचललं तर लगेच बोंब. सेटिंगमध्ये जायचा पासवर्ड तर दोन तुकड्यांत. अर्धा ताईंच्या डोक्यात, अर्धा माझ्या. दोघी शेजारी बसायच्या, एकीने टाइप करायचं, दुसरीने तोंड फिरवायचं. पासवर्ड लिहायचा नाही आणि तोंडाने उच्चारायचा तर मुळीच नाही. "दोन अर्धे एका डोक्यात गेले की कुलूप संपलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दारावरच्या शिंदेमामांनाही त्यांनी सक्त सांगून ठेवलं होतं, "बोट लागलं तरच दार. माझी आये आली तरी सोडायची नाय."

अशात आमच्याकडे एका हॉस्पिटलचं काम यायचं होतं. पेशंटांचे रिपोर्ट आमच्या सर्व्हरवर राहणार होते. अट एकच: वीज गेली आणि परत आली तर कोणाही माणसाचा हात न लागता सगळं आपोआप सुरू झालं पाहिजे. त्यांचे सावंतसाहेब येऊन समोर वीज तोडून बघणार होते. हे काम मिळालं नाही तर आमची शाखा बंद करून सगळ्यांना हैदराबादला हलवायचं, असं वरून ठरलं होतं. कामोठ्यातलं घर आणि आईला सोडून हैदराबादला जायची माझी बिलकूल तयारी नव्हती. ताई तर म्हणाल्या, "मी नाय जानार. तितं बोंबील कोन देनार?" हसत म्हणाल्या, पण ही शाखा त्यांनी पहिल्या रॅकपासून उभी केली होती, आणि त्या दिवशी त्यांनी डबा न उघडताच घरी नेला.

आम्ही तयारी केली, स्वतः वीज तोडून बघितली, सर्व्हर शहाण्या पोरांसारखे एकामागून एक उठले. मग ताई मुलीच्या लग्नाची रजा टाकून निघाल्या. निघता निघता परत वळल्या. "ये गो, तुझा अर्धा टाक. एक कुलूप राहिलंय." घरातून निघताना माणूस कडी ओढून बघतो, तशी त्यांनी दर सर्व्हरला आणखी एक कडी घातली. आम्ही दोघी समाधानाने घरी गेलो.

सावंतसाहेबांची तारीख लग्नानंतरची होती. ती अलीकडे आली आणि नेमकी हळदीच्या दिवशी पडली. मी म्हटलं, तयारी तर झालेली आहे, ताईंना कशाला त्रास? साहेबांनी वीज तोडली. परत दिली. पहिला सर्व्हर उठला, पंखे घोंघावले, आणि पडद्यावर आलं: पासवर्ड टाका. दुसऱ्यानेही तेच विचारलं. मग तिसऱ्याने. सगळा रॅक दिवे लावून कोणीतरी माणूस येण्याची वाट बघत बसला. जाता जाता घातलेली ती कडी सर्व्हर सुरू होतानाच पासवर्ड मागणारी होती, आणि तो पासवर्डही आमच्या त्याच दोन तुकड्यांचा.

"हे आपोआप सुरू होणं म्हणायचं का?" सावंतसाहेबांनी शांतपणे विचारलं. बिचारा भला माणूस. म्हणाला, "मी जेवून घेतो. त्यानंतर एकदा बघेन, मग जे असेल ते लिहीन."

ताईंना फोन केला तर पलीकडून नुसता बँजो ऐकू आला. मी रिक्षा पकडून तुर्भे गावात धावले. मांडवात धवलारीण लग्नाची धवलगीतं गात होती, बाया नाचत होत्या, आणि मधोमध डोक्यापासून पायापर्यंत पिवळ्याधमक कुंदाताई. मी तोंड उघडायच्या आत चार बायांनी मला धरलं आणि गालाला, कपाळाला, हातांना हळद फासली. "वऱ्हाडी आली गो," असं म्हणून कोणीतरी मला नाचवलंही. हैदराबाद डोळ्यांसमोर दिसत असताना मी बँजोवर दोन गिरक्या घेतल्या, खोटं कशाला सांगू. मग ताईंच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. त्या जागच्या जागी थांबल्या. "बाबो," एवढंच म्हणाल्या, आणि नवरीला "आलेच" सांगून माझ्याबरोबर रिक्षात बसल्या.

डेटा सेंटरच्या काचेच्या दारावर बोटाचा ठसा ओळखणारं यंत्र होतं, त्यावर ताईंनी बोट ठेवलं. लाल दिवा. मी ठेवलं, लाल दिवा. तेलात कालवलेली हळद बोटांच्या रेषा भरून बसली होती.

"मामा, उघडा," ताई म्हणाल्या.

"न्हाय जमायचं," शिंदेमामा म्हणाले. ते साताऱ्याकडचे. "बोट लागलं तरच दार. तुमीच सांगितलंय."

"अवो मी कुंदा हाय."

"आसाल. पन तुमच्या आईलाबी सोडू नगं म्हनला होता, मग तुमाला कसं सोडू?"

ताई रागाने लाल झाल्या असाव्यात, पण पिवळ्या असल्यामुळे ते दिसलं नाही. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बघ," मला म्हणाल्या, "याला म्हनतात सिक्युरिटी." शिंदेमामांनी बाहेरच्या चहाच्या खोलीतून भांड्यांचा साबण आणि घासणी आणून दिली. बाहेरच्या नळाखाली ताईंनी माझं बोट कढई घासतात तसं घासलं. चौथ्या खेपेला माझ्यासाठी हिरवा दिवा लागला. ताईंच्या अंगात सकाळपासूनची हळद मुरली होती; त्यांचं बोट काही केल्या लागेना.

आता त्या बाहेर, मी आत जाणारी, आणि अर्धा पासवर्ड त्यांच्याकडे. साहेबांचं जेवण संपत आलं होतं. दार धरून मी उभी राहिले. ताई काचेतून आतल्या रॅककडे बघत होत्या.

"कान दे," त्या शेवटी म्हणाल्या.

त्यांनी सांगितला. तो पासवर्ड आता केव्हाच बदलला आहे, तरी इथे लिहीत नाही. ताई हे वाचणार आहेत.

"उद्या बदलते," मी म्हटलं.

"उद्या नाय. टेस्ट झाली की लगेच." आणि मग, माझ्या पिवळ्या गालावर हात ठेवून, "जा गो. कुलूप काढ, मोडू नको."

मी एकेका सर्व्हरची ती कडी काढली. सावंतसाहेब आले, वीज तोडली, परत दिली. काचेपलीकडे ताई दोन्ही हात वर करून उभ्या होत्या आणि एकेक सर्व्हर उठेल तसा एकेक हात हलवत, धवलारिणीसारख्या काहीतरी गुणगुणत होत्या. शेवटचा उठला तेव्हा त्या शिंदेमामांना धरून नाचल्या. मामांनी टोपी सांभाळली आणि दारही सांभाळलं.

"त्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या प्रमुख," मी म्हटलं.

साहेब बाहेर आले तेव्हा ताईंनी सरळ सांगून टाकलं. "चूक माझी. जितं मानूस हजर नसनार, तितं मानसाची वाट बघनारं कुलूप लावायचं नसतं. मी लावलं." साहेब हसले. काम आम्हाला मिळालं, आणि संध्याकाळी साहेब हळदीला आले. पुढचं त्यांच्या पदाला शोभणारं नाही, म्हणून सोडून देते.

गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी निरोप, हार, समोसे सगळं झाल्यावर त्या मला रॅकपाशी घेऊन आल्या. त्यांचा अर्धा पासवर्ड पुसून नवा घालायचा होता. तो एका रात्रीपुरता मी टाकायचा आणि उद्या टीममधल्या दुसऱ्या कोणीतरी बदलून आपला घालायचा, असं त्यांनीच ठरवलं होतं. मी माझा अर्धा टाकल्यावर त्यांनी आपला जुना स्वतः टाइप केला आणि उठून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बटणांच्या आवाजावरून मला कळतं, म्हणाल्या, आणि पदराने दोन्ही कान झाकले. मी नवा टाकला. दोनदा चुकला. मग सगळं भरून झालं तरी मी तशीच बसून राहिले, कारण एंटर दाबला की या बाईला तिनेच उभ्या केलेल्या सर्व्हरमध्ये पुन्हा कधी जाता येणार नव्हतं. मला रडू येत होतं.

"दाब गो," ताई भिंतीकडेच बघत म्हणाल्या.

मी दाबला.