मावशीचं लाल फडकं

आमच्या शाळेची घंटा मावशी वाजवायची. गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र धारदार. मी शिकवायची त्या वर्गात एक स्वमग्न मुलगी आली, तिला चिमणी हे नाव मावशीनंच ठेवलं. घंटा झाली की चिमणी किंचाळायची आणि पुढच्या तासाचा बोऱ्या वाजायचा. मावशीनं कुणाला न विचारता एक रीत पाडली. घंटेच्या आधी लांबलचक व्हरांडा पाय ओढत यायची, आमच्या खिडकीत लाल फडकं दाखवायची आणि परत घंटेकडे जायची. चिमणी कान झाकून घ्यायची. दिवसातून आठ वेळा. गुडघ्यांचे हाल कशाला करतेस, असं मी एकदा विचारलं.

"तिला सांगितल्याशिवाय वाजवायची नाही," एवढंच म्हणाली.

सुट्टीत मावशी वारली. शाळा उघडली तेव्हा भिंतीवर विजेची घंटा आली होती. मुलगी पुन्हा ओरडली तर तिच्या आईला दुसरी शाळा बघायला सांगू, असं मुख्याध्यापकांनी मला बजावलं. दुसरी कुठलीच शाळा तिला घेणार नव्हती, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

पहिल्या तासाला मी जीव मुठीत धरून बसले. चिमणीनं खिडकीकडे पाहिलं, कान झाकले. मिनिटभरानं घंटा झाली. आठही वेळा तसंच. वेळा पाठ केल्या असतील पोरीनं, अशी मी मनाची समजूत घातली.

मग एकदा गणिताच्या मधेच तिनं कान झाकले. खिडकीत कुणी नव्हतं. मिनिटभरात घंटा घणघणली. आगीच्या सरावाची. मुख्याध्यापकांनी ती मनात येताच वाजवली होती, कुणाला पत्ताही नव्हता.

मी घाबरले, सरळ सांगते. दुसऱ्या दिवशी खिडकीला जाड पडदा लावला. त्या दिवशी पहिल्याच घंटेला चिमणी अशी किंचाळली की शेजारच्या वर्गातली मुलं रडू लागली. मुख्याध्यापक दारात आले. उद्या आईला बोलवा, म्हणाले.

शाळा सुटल्यावर मी पडदा काढला. काचेवर बाहेरून वाफ धरली होती, कुणी बराच वेळ तोंड टेकून उभं राहावं तशी.

सकाळी चिमणीच्या आईसमोर मी मुख्याध्यापकांना सांगितलं की खिडकी मी झाकली, चूक माझी, मुलीची नाही. त्यांनी आठवड्याची मुदत दिली. वर्गात आले तर चिमणी माझ्या टेबलाशी उभी.

"मावशीचे पाय दुखतात," ती म्हणाली. "आता तू दाखव."

तिनं टेबलाच्या खणाकडे बोट केलं, मी तो उघडला. कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्याच पर्समध्ये होती. आत लाल फडकं नीट घडी करून ठेवलेलं.

त्याला चार वर्षं झाली. चिमणी याच शाळेत शिकते, मी तिच्याबरोबर वरचे वर्ग मागून घेते. शिकवण्याच्या नादात कधी फडकं दाखवायचं विसरले, तर व्हरांड्यातून पाय ओढत कुणीतरी यायला लागतं. ते खिडकीपाशी पोचायच्या आत मी फडकं उचलते.