बाराव्या लेबलासाठी भिवंडी

शनिवार-रविवार जोडून कुठे निघालात, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. शैलाने, म्हणजे माझ्या बायकोने, "भिवंडीला" असं सांगितलं. काकूंचा चेहरा लगेच उतरला. "कोण आजारी आहे?"

कोणी आजारी नव्हतं. आम्ही फिरायलाच निघालो होतो. भिवंडीला फिरायला जाणारं नाशिकमधलं आमचं पहिलंच जोडपं असेल, म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितो.

ब्लॉगवर नवीन आलेल्यांसाठी आधी थोडं सांगायला हवं. मी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही, बंद पडलेल्या मोटारी उघडून शिकलो. लेबलं जमवायचंही तसंच. माझं बालपण भिवंडीत निजामपुऱ्यात गेलं, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर होते. तिथल्या एका कापडवाल्या शेठला कबड्डीचं भारी वेड होतं आणि अंजूर गावचा 'खाडीवीर' संघ त्याच्या गळ्यातला ताईत होता. एका वर्षी त्याने कापडाच्या ताग्यावर चिकटवायच्या लेबलांवर या संघाचे खेळाडू छापले. सात खेळणारे, पाच राखीव, एकूण बारा. पत्त्याएवढा कागद, लाल किनार, मध्ये पवित्र्यात उभा असलेला गडी आणि खाली नाव. तागे बाहेरगावी जायचे, तिथे पहिल्या धुण्यात लेबलं संपायची. जी काही वाचली ती घडी करणाऱ्या कामगारांच्या घरात. वडील मला एखाद-दुसरं आणून द्यायचे. उरलेली मी मोठेपणी दारोदार फिरून मिळवली.

अकरा मिळाली. बारावा होता मैदानाचा डावा कोपरा सांभाळणारा दत्तू. ते लेबल मी लहानपणी एकदाच पाहिलं, ट्रकमध्ये चढत असलेल्या कापडाच्या गाठीवर. हात पुढे केला आणि हमालाने हाकललं. खाडीवीरच्या जुन्या चाहत्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप गट आहे. तिथले सगळे जाणकार एकच सांगत आले, की फोटो काढले त्या दिवशी दत्तू आलाच नव्हता, त्यामुळे बारावं लेबल छापलंच गेलं नाही. मी म्हणायचो, मी पाहिलंय. ते हसणाऱ्या तोंडांची चित्रं पाठवायचे.

आणि मग निजामपुऱ्यातून रुबिना नावाच्या एका मुलीचा निरोप आला. मराठी शाळेत शिकलेली, माझा ब्लॉग वाचते. "काका, माझ्या सासूबाईंच्या पेटीत झाकणाला आतून असंच एक लेबल चिकटवलेलं आहे. पण आम्ही नवीन बिल्डिंगमध्ये जातोय, पेटी भंगारात जाणार आहे. लवकर या."

शनिवारी सकाळी निघालो. नाशिकहून एसटीने जाणार असाल तर बस भिवंडी शहरात शिरते की बायपासवरच सोडते, ते चढतानाच कंडक्टरला विचारा. आम्ही विचारलं, तो "बघू" म्हणाला, आणि बायपासवरच सोडलं. कसारा घाट मोकळा होता, पण पडघ्यानंतर कंटेनर सुरू होतात. पुढे रांजणोली नाक्याला आपण रस्त्यावर आहोत की गोदामात, ते कळत नाही. तिथून शेअर रिक्षा मिळते. भाडं बसण्याआधी बोलून घ्या आणि पाठीवरची बॅग मांडीवर.

निजामपुऱ्यात पायी फिरावं. गल्लीत शिरण्याआधीच लूमचा आवाज पायाला लागतो. शैलाला वाटलं जमीन हलतेय. मी म्हटलं, "दोन मिनिटांत ऐकू यायचं बंद होईल." दोन मिनिटांनी ती मोठ्याने म्हणाली, "अहो, नाही झालं बंद." शेवटी एका हॉटेलात शिरून चहा आणि खारी घेतली. तुम्ही सामिष खाणारे असाल तर सकाळी लवकर पोहोचा. इथली नळी-निहारी उशिरा येणाऱ्यांसाठी थांबत नाही.

रुबिनाच्या सासूबाईंचं, म्हणजे मेहरूनआपांचं घर दुसऱ्या मजल्यावर. घरभर खोकी बांधून ठेवलेली. आपा सत्तरीच्या, पांढरी ओढणी, डोळे मिश्कील. रुबिनाने ओळख करून दिली तर म्हणाल्या, "लेबलवाले भाऊ आले का? मला वाटलं कुणी दाढीवाला म्हातारा असेल. तुम्ही तर मीटर बघायला आल्यासारखे दिसता."

शैला जी हसायला लागली ती थांबेना.

पेटी पत्र्याची, हिरवी, एका कोपऱ्याला गंजलेली. रजया बाहेर काढून आपांनी झाकण उघडलं आणि मी तिथेच खाली बसलो. लाल किनार. खाली नाव, 'दत्तू, डावा कोपरा'. रंग इतका ताजा, की माझी अकराही त्याच्यापुढे फिकी पडावीत. उजेड लागलाच नव्हता त्याला.

"झाकणाच्या आत का लावलंत?" मी विचारलं.

"आमच्यात भिंतीवर माणसाची तस्वीर लावत नाहीत, भाऊ. अब्बा घडीच्या कामावर होते, त्यांनी आणून दिलं. मी एवढीशी. टाकवेना. मग पिठाची लई लावून आत चिकटवलं. पेटी उघडली की दिसतो, बंद केली की नाही."

"कबड्डी आवडायची तुम्हाला?"

"कबड्डीतलं मला काय कळतं? बाकीचे सगळे असे बघायचे, जसं काही आपण त्यांची कोंबडी चोरली. हा एकटा हसतोय."

खरंच हसत होता. ओठ दाबून, पण गाल सांगत होते. माझ्याकडच्या अकरा जणांत एकाच्याही चेहऱ्यावर हसू नाही. मला ते जरा खटकलं. पवित्राही खटकला, वजन टाचांवर दिसत होतं. पण डाव्या कोपऱ्याची स्वतःची एखादी लकब असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

कामाची माहिती देतो. लईने चिकटवलेला कागद ओलसर कापसाने सुटतो, हे मी बऱ्याच लेबलांवर करून पाहिलं आहे. पण आधी किनारीच्या टोकाला कापूस लावून बघायचा. मी लावला, कापूस लाल झाला. म्हणजे पाणी बाद, वाफही बाद. उरला एकच उपाय, लेबलासकट पत्रा कापून घ्यायचा. पेटी भंगारातच जाणार होती, आपांची हरकत नव्हती. "न्या हो. कुणाच्या तरी नजरेत राहील." मी मोबाइलवर फोटो काढला आणि उद्या दुपारी पत्रा कापायची कात्री घेऊन येतो, असं सांगितलं.

मुक्काम राहनाळला, माझा मावसभाऊ बाळू याच्याकडे. तो गोदामात सुपरवायझर आहे. राहनाळला पाहण्यासारखं काय, तर गोदामं. पण त्याच्या बायकोच्या हातची तांदळाची भाकरी आणि सुका जवळा यांसाठी मी कितीही कंटेनरांमधून येईन. बाळूने कात्री मिळवून दिली आणि वर म्हणाला, "दादा, लोक पत्र्याची पेटी फोडून दागिने काढतात. तू लेबल काढ."

रविवारी सकाळी अंजूर. राहनाळहून अंजूरफाटा आणि तिथून आत गावात रिक्षा. दोन्ही बाजूंना गोदामांची निळी छपरं, मध्येच एखादं भाताचं खाचर, आणि वाऱ्याला खाडीचा वास. दत्तूदादांना मी याआधी कधी भेटलो नव्हतो. ते कुणाला भेटत नाहीत असं गटातले लोक सांगायचे. माझा बेत साधा होता. लेबलांची वही उघडायची, बाराव्या जागी मोबाइल ठेवायचा, आणि सांगायचं, बघा, मी म्हणत होतो ना.

ते ओटीवर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. खांदे अजून रुंद. वही पाहून खुलले, एकेका गड्याला नावाने हाक मारली. मग मी मोबाइल पुढे केला.

त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, परत लांब धरला.

"ह्यो मी न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "दादा, खाली नाव तुमचं आहे."

"नाव माझा हाय. पोऱ्या आमचा नामा हाय. माझा धाकला भाव."

मग सगळं उलगडलं. फोटोवाला ठाण्याहून एका दिवसापुरता यायचा होता आणि नेमका त्याच दिवशी उधाणाने खाडीचा बांध फुटला. दत्तू चिखल-दगड टाकायला बांधावर गेला. शेठ चिडेल म्हणून कप्तानाने नामदेवला दादाची जर्सी घालून उभं केलं. दोघांची चेहरेपट्टी एक. नामदेव कबड्डी कधी खेळला नव्हता.

"बघ ना, कसा टाचेवर उभा हाय. चढाईवाला अंगावरनं गेला असता. आनि हसतंय बघ बेणं. आपन लोकांना फसवताव म्हनून हसतंय."

"मग ते कुठे असतात आता?" शैलाने विचारलं.

"कावीळ झाली त्याला. त्याच साली." त्यांनी मोबाइल खाली ठेवला नाही. "शेठचा मानूस बोलला का तुझा छापलाच न्हाय. मना वाटला, बरा झाला, खोटा होता ना तो. पन मग नामा गेला आनि घरात त्याचा एक फोटू न्हाय. लग्न न्हाय झाला त्याचा. कोन काढनार फोटू?"

आतून त्यांची बायको चहा घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. मोबाइलचा पडदा काळा झाला की दादा तो माझ्यापुढे धरायचे, मी उजेड करून द्यायचो.

निघताना म्हणाले, "ह्याचा मोठा फोटू काढून देशील का? कागदावर? पैसं दीन मी."

"देतो," मी म्हटलं. "चांगल्या कागदावर देतो."

यात चूक काय होती? त्यांना फोटो मिळणार होता, मला लेबल. रिक्षात मी शैलाला हे तीन-चार वेळा समजावून सांगितलं. ती बाहेर गोदामं बघत होती. शेवटी म्हणाली, "मी काही बोलले का?"

दुपारी आपांकडे. मी पेन्सिलने पत्र्यावर चौकट आखली, लेबलापासून बोटभर लांब. शैलाने झाकण धरलं. आपांना सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी वाकून झाकणाच्या आत पाहिलं. मग म्हणाल्या, "इतकी वर्षं मी त्याला रोज बघितलं आणि त्याच्या भावाने एकदाही नाही?"

मी कात्री पत्र्याला लावली. चांगली धारदार होती, बाळूने हलकं काही दिलं नव्हतं. पहिला कट मारला की पत्रा थरथरतो, त्यासाठी झाकण घट्ट धरावं लागतं. शैलाने घट्ट धरलं होतं. नामदेव ओठ दाबून माझ्याकडे बघत होता.

"एक मिनिट," मी म्हटलं. "माझा संच खाडीवीरच्या खेळाडूंचा आहे."

"हो," शैला म्हणाली.

"हा खेळाडू नाही. एकही सामना खेळलेला नाही. उद्या मी पेट्रोल पंपावरच्या कुणालाही जर्सी घालून वहीत चिकटवीन. त्याला काही अर्थ आहे का? नियम म्हणजे नियम."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली, आणि झाकण हळूच मिटलं. "मग टेम्पो बोलवा."

बाळूने छोटा हत्ती पाठवला. पेटी उचलणार तेवढ्यात आपांनी थांबवलं, रिकामी पेटी कुणाच्या घरी पाठवत नाहीत म्हणाल्या. आत मूठभर तांदूळ आणि खडीसाखरेची पुडी ठेवली. मग परत एकदा झाकण उघडून पाहिलं, "जा रे बाबा, घरी जा," म्हणाल्या आणि बंद केलं. रुबिना त्यांना धरून आत घेऊन गेली.

एक सूचना. भिवंडी ते अंजूरफाटा रस्त्याला टेम्पोच्या मागे बसून पत्र्याची पेटी धरायची वेळ आली तर खाली गोणपाट घाला. मी घातलं नव्हतं.

पेटी ओटीवर उतरवली तेव्हा दादा म्हणाले, "ही काय आनलीस? मी फोटू मागितला."

"झाकण उघडा."

त्यांनी उघडलं. नंतर जे झालं ते मी लिहीत नाही. ते त्यांच्या घरातलं आहे. एवढंच सांगतो, की मी त्यांना मोठ्या गंभीरपणे समजावलं, हे लेबल माझ्या संचाच्या नियमात बसत नाही, त्यामुळे उपकार वगैरे काही नाहीत. त्यांना त्यातलं काहीही ऐकू गेलं नसावं. ते झाकणावरच्या पोराला दटावत होते, "टाच उचल, नाम्या, टाच उचल." त्यांच्या बायकोने खडीसाखर आमच्या हातावर ठेवली.

संध्याकाळच्या बसने नाशिक. गटावर मी फोटो टाकला आणि लिहिलं, लेबल छापलं होतं हे माझं म्हणणं खरं. दत्तू फोटोला आला नव्हता हे तुमचं म्हणणंही खरं. उरलेलं ब्लॉगवर वाचा. आता तुम्ही वाचलंत. भिवंडीला जायचं का, तर जरूर जा. रस्ते आहेत तसेच आहेत, पण दुसऱ्या मजल्यावर चढून जा, पेट्या उघडून बघू द्या म्हणा.

परवा शैला वही चाळत बसली होती. अकरा कप्पे भरलेले, बारावा मोकळा.

"खेळाडू नव्हता ना तो," ती म्हणाली. "आणि खऱ्या दत्तूचं तर लेबलच नाही. मग हा कप्पा कशाला? वही अकराचीच करा की."

मी चष्मा पुसत होतो. म्हटलं, "असू दे."