दुसरं मडकं

आज पेपरात पुन्हा तेच कौतुक: कुठला तरी देश नुकताच स्वतंत्र झालेला, तिथं पक्ष एकच, म्हणून केवढं हे स्थैर्य! वाचून डोकं उठलं. त्यात शेजारून सुताला लावायच्या खळीचा आंबूस वास आला, आणि मी तीस वर्षं मागं, सोलापुरातल्या आमच्या विणकर मंडळाच्या अंगणात जाऊन उभा राहिलो.

प्रमुख निवडायची आमची रीत साधी होती. उमेदवार दोन, तर मडकी दोन. जो पसंत असेल त्याच्या मडक्यात प्रत्येकानं सुताची एक कांडी टाकायची. चांगलं सूत प्रमुखांच्या भाऊबंदांनाच मिळतं म्हणून त्या वर्षी कासीमभाई त्यांच्याविरुद्ध उभे राहिले होते.

मडकी मांडायचं काम माझ्याकडं होतं. सकाळीच प्रमुख मला म्हणाले, "दोन मडकी ठिवली की दोन तट पडत्यात. एक आत नेऊन ठिव की. शांततेत होऊ दे."

रांग लागली. कासीमभाई हातात कांडी धरून एकेकाला विचारत होते, "मेरी किधर डालूँ, भाई?" जो तो समोरच्या एकुलत्या मडक्यात कांडी टाकून पुढं सरकत होता. अर्ध्या तासात निवड उरकली, गूळ वाटला, आणि जो तो म्हणाला, कसं गुण्यागोविंदानं झालं!

पुढं कासीमभाईंना मंडळाकडून सूतच मिळेना. महिन्याभरात त्यांचा माग थांबला. गल्लीत खरोखरच शांतता झाली.

संपादकाला खरमरीत पत्र लिहायला बसलो होतो. एक ओळ लिहिली आणि हात थांबला. ते दुसरं मडकं आत नेऊन ठेवणारा मीच की.