विशिष्ट वास

केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये जितकी वर्षं काढावी तितके अॅप्रनवर डाग वाढतात आणि तितकेच किस्से. डाग निदान धुवायला टाकता येतात. किस्से मात्र कुणी चहाला बोलावलं की आपोआप बाहेर पडतात, आणि आमच्या अमरावतीत चहाला कुणी ना कुणी बोलावतंच! मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला केमिस्ट्री शिकवते. सगळ्या बॅचेसचं सांगत बसले तर तुमची बस चुकेल, म्हणून एकाच बॅचचं सांगते.

त्या बॅचमध्ये रविना होती. धारणीच्याही पलीकडच्या गावातली, इथे मुलींच्या होस्टेलवर राहायची. तिला नर्सिंगला जायचं होतं. आदल्या वर्षी दुसऱ्या कॉलेजातून तिने बारावी दिली होती. बाकी विषय निघाले, पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये मार्क इतके कमी पडले की केमिस्ट्री राहिली आणि नर्सिंगही राहिलं. पोरगी हुशार दिसत होती, मग घोडं अडलं कुठे, ते मला कळेना.

*

आमच्या प्रॅक्टिकलमधला सगळ्यात भीतीचा भाग म्हणजे सॉल्ट. पुडीत एक पूड देतात. ती तापवायची, तीत अॅसिड टाकायचं, धूर कसला, रंग कसला, वास कसला ते बघायचं आणि ती पूड कोणती ते ओळखायचं.

एकदा एका मुलाने सल्फाइडमध्ये अॅसिड सढळ हाताने ओतलं. सडक्या अंड्यांचा असा काही भपकारा सुटला की अख्खी बॅच नाक दाबून व्हरांड्यात. त्यांच्या पुढे मी! मागे वळून पाहिलं तर रविना एकटी आत, शांतपणे निरीक्षणं लिहितेय. मी ओरडून तिला बाहेर काढलं, कारण तो वायू विषारी असतो. पण मनातून मी थक्क झाले होते. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलंसुद्धा, "एकाग्रता काय असते ते रविनाकडून शिका."

तास संपल्यावर ती मागे थांबली.

"मॅडम, ते एकाग्रता नव्हती. मले वासच येत नाही. लहानपणी ताप आला होता, तवापासून."

"मग मागच्या वर्षी सॉल्टमध्ये काय लिहिलंस?"

"वास नाही, असं लिवलं. मले खरंच नव्हता आला ना."

*

तिच्या टेबलावर तिचा जोडीदार होता साहिल, धामणगावच्या धान्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. रोज रेल्वेने यायचा. त्याच्या जिभेला हाड नव्हतं, पण मन मोठं. रविनाला वास समजावून द्यायचं काम त्याने स्वतःहून अंगावर घेतलं.

"पाह्य, या गॅसचा वास सडक्या अंड्यासारखा असते."

"अन् सडकं अंडं कसं येते?"

साहिलने बराच विचार केला. "या गॅससारखं."

शेवटी त्याने पुस्तक उघडलं आणि त्यातली ओळ मोठ्याने वाचून दाखवली. तिथे लिहिलं होतं, 'विशिष्ट वास'.

रविना म्हणाली, "म्हंजे पुस्तकवाल्यालेही सांगता नाही आलं."

इतकी वर्षं मी ती ओळ फळ्यावर लिहीत आले. ती काहीच सांगत नाही, हे मला तोपर्यंत कधी सुचलं नव्हतं!

*

साहिलचंही एक सांगायलाच हवं. व्यापाऱ्याच्या घरी तुरीचं पोतं आलं की मूठभर दाणे घेऊन एक दाणा दाताखाली फोडून बघतात. दाणा कटकन फुटला तर माल वाळलेला. हे साहिल लहानपणापासून बघत आलेला.

सरावाच्या दिवशी मी त्याला पुडी दिली. त्याने ती तळहातावर ओतली, बोटाने पसरली, आणि मी "अरे" म्हणेपर्यंत एक खडा दाताखाली! नशिबाने तो साधा नवसागर निघाला. मी त्याला नळाखाली धरून चुळा भरायला लावल्या आणि तोंडाला येईल ते बोलले. लॅबमध्ये काहीही तोंडात घालायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होते.

साहिलने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "सॉरी मॅडम. पन ओलावा नाही याच्यात."

*

रविनाला मी सांगितलं की वासावाचून अडत नाही, प्रत्येक वायूची दुसरी काहीतरी खूण असते, डोळ्यांनी दिसणारी. बस, पोरगी त्या खुणांच्या मागेच लागली. कोणता कागद काळा पडतो, कोणता हिरवा होतो, काचेची कांडी कुठे धरली की पांढरा धूर येतो, सगळं तिने करून पाहिलं. अमोनियाने हळद लाल होते, हे कळल्यावर तिने मेसमधली हळद पाण्यात कालवली, त्यात फिल्टर पेपर बुडवून वाळवले आणि पट्ट्या कापून ठेवल्या.

मग होस्टेलमधल्या बाटल्यांची तपासणी सुरू झाली. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने केसांना लावायचा महागडा रंग आणला होता. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, यात अमोनिया नाही. रविनाने त्यावर पट्टी धरली. पट्टी लाल!

मैत्रीण तो डबा घेऊन तडक दुकानात गेली. दुकानदाराने विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं?"

ती म्हणाली, "हळदीनं."

*

नायट्रेटची एक टेस्ट आहे, फार सुंदर. टेस्ट ट्यूब तिरपी धरून कडेकडेने थेंब थेंब अॅसिड सोडायचं. खाली अॅसिड, वर पाणी, आणि दोघांच्या मध्ये एक तपकिरी कडं उमटतं. हात जरा हलला की गेलं. साहिलचं कडं मस्त जमलं, पण मला दाखवायला तो टेबलापासून चालत आला आणि येईस्तोवर नुसतं गढूळ पाणी उरलं. "आताच होतं मॅडम, देवाशपथ होतं." तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, कड्याकडे मॅडमनी जायचं, कड्याने मॅडमकडे यायचं नाही.

रविनाने केलं त्या दिवशी कुणीतरी आपणहून पंखे बंद केले. तिचा हात एकदाही थरथरला नाही. कडं असं रेखीव आलं की सगळी बॅच रांगेत उभी राहिली आणि एकेक जण वाकून पाहून गेला. मीही रांगेत उभी राहिले. एवढ्या वर्षांत इतकं देखणं कडं मी स्वतः कधी काढलं नव्हतं.

*

परीक्षा जवळ आली तशी माझी झोप उडाली. मी रविनाला म्हटलं, "डॉक्टरचा कागद आणू, अर्ज करू. वासाचं तुला विचारणार नाहीत."

"नोको मॅडम."

"काहून?"

"उद्या दवाखान्यात लागली, तर पेशंट काय सवलत देनार हाय मले?"

अर्जाचा विषय मी सोडून दिला. पण यंदाही केमिस्ट्री राहिली तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत, हे तिनेच मला सांगितलं होतं. धाकधूक माझ्याच जिवाला.

*

परीक्षक आले अकोल्याचे. वयाने मोठे, कडक इस्त्री, बोलणं मोजकं. त्यांची एक पद्धत होती. मुलाच्या हातातल्या टेस्ट ट्यूबकडे बोट दाखवून म्हणायचे, "वास घे आणि सांग, कसला आहे." प्रत्येकाला तेच.

एक मुलगी घाबरून भलतंच बोलली. सडक्या अंड्यांचा वास मला दारापर्यंत येत होता आणि ती म्हणाली, "व्हिनेगरचा." सरांनी नुसती मान डोलावली आणि पुढे गेले. मला वाटलं, दमले असतील.

मग रविना. तिच्या पेपरवर सॉल्टचं नाव लिहिलेलं होतं. पुड्या मीच बांधल्या होत्या, त्यामुळे मला माहीत होतं की ते बरोबर आहे.

"वास घे," सर म्हणाले.

शेजारच्या टेबलावरून साहिल ओठ हलवून सांगायला लागला. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

"सर, मले वास येत नाही."

"सर्दी?"

"नाही. लहानपणापासून."

सरांनी पेन मिटून खिशाला लावला. मी मध्ये पडायला निघाले तर त्यांनी हातानेच मला थांबवलं.

"मग हे ओळखलं कसं?"

"पाहून."

त्यांनी मागे नजर टाकली. मुलं आपापल्या कामात होती. मग ते आवाज उतरवून तिला म्हणाले, "कोरोना झाला तेव्हापासून मलाही येत नाही. कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. पहिल्यापासून करून दाखव मला."

रविनाने स्टूल पुढे ओढलं. "बसा सर," म्हणाली आणि बर्नर पेटवला.